बाबा, लिंबाचं पाणी थांबवा

ती. आई-बाबांस,
सा. न.

काल फोन ठेवल्यापासून ते लिंबाचं झाडच डोक्यात घोळतंय. पानं पिवळी पडून मलूल झाली म्हणून बाबांनी सकाळ-संध्याकाळ पाणी सुरू केलं, असं आई म्हणाली. बाबा, ते आधी थांबवा. मुळांनाही हवा लागते. मातीत कायम चिखल राहिला की मुळं गुदमरून कुजतात, मग त्यांना पाणी ओढता येत नाही आणि झाड तहानल्यासारखं मान टाकतं. आपल्याला वाटतं, पाणीच कमी पडलं! चार बोटं खोल उकरून बघा. आत ओल असेल तर पाणी नको आणि खतही नको, दुखऱ्या मुळांना ते सोसत नाही. बुंध्याला चिकटलेला पालापाचोळा वीतभर लांब सारा. पुढे पाणी द्याल तेही फांद्यांच्या घेराखाली द्या, खोडाशी नको. बुंध्यातून डिंक पाझरताना दिसला तर मात्र मला लगेच कळवा.

माती कोरडी निघाली तर गोष्ट वेगळी. जुनी, खालची पानं आधी पिवळी पडली असतील तर बहुधा नत्र कमी आहे. कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर लोह. चुनखडीच्या जमिनीत लोह असूनही मुळांना ते घेता येत नाही.

आई, तुझ्या जास्वंदीवरचा तो ‘कापूस’ म्हणजे पिठ्या ढेकूण. ते रस शोषतात, त्यांच्या अंगातून गोड चिकटा येतो आणि त्यासाठी मुंग्या त्यांची राखण करतात, ढेकूण खाणाऱ्या किड्यांना हुसकावून लावतात. म्हणून आधी मुंग्यांची वाट तोड. भिंतीला टेकलेल्या फांद्या छाट. फार भरलेले शेंडे कापून पिशवीत बांधून टाक, खतात नको. मग लिटरभर पाण्यात 5 मिली कडुनिंबाचं तेल आणि थोडा पातळ साबण घालून संध्याकाळी फवार, आठवड्याने पुन्हा.

आणि बाबा, ती वाळलेली जाड फांदी तुम्ही शिडीवर चढून कापायची नाही. मी आल्यावर कापेन. खालून अर्धवट काप दिला नाही तर पडताना ती खोडाची सालही सोलून नेते.

आई, फोटो पाठवशील तेव्हा पानांची मागची बाजूही दाखव.

तुमची,
ताई