खुले पत्र: आधी तो व्हॉल्व्ह उघडा, मग माझी चूक म्हणा

माननीय कामगारमंत्री,
सप्रेम नमस्कार.

डावा पाय प्लास्टरमध्ये आहे, म्हणून पलंगावरूनच लिहितोय. काल चौकशीचा अहवाल हाती आला. माझ्याबद्दल दोनच शब्द: ‘चालकाची चूक’. सतरा वर्षं डंपर चालवल्यावर हे वाचायला मिळालं.

झालं ते असं. १०० टन माल, गाडीचं वजन धरून दीडशे टनांच्या वर, आणि उतारावर इंजिन बंद पडलं. इंजिनवर चालणारा तेलाचा पंप थांबला की ब्रेकला आधार ॲक्युम्युलेटरचा, म्हणजे दाबाखाली तेल साठवणाऱ्या टाकीचा. आतला दाबलेला नायट्रोजन तेलाला रेटतो, त्या साठ्यावर गाडी थांबलीच पाहिजे. पहिल्यांदा पेडल दाबलं, ब्रेकने गाडी जराशी धरली. दुसऱ्यांदा पाय थेट तळाला गेला. पार्किंग ब्रेक ओढला. तो स्प्रिंगने लागतो आणि तेलाच्या दाबाने सुटतो, म्हणजे दाब काढला की लागायलाच हवा. पण त्याच्या व्हॉल्व्हचा स्पूल, म्हणजे आत सरकून तेलाची वाट उघडणारा-मिटणारा दांडा, अडकला होता, तेल परतलंच नाही. ताशी ३६ किलोमीटर म्हणजे सेकंदाला १० मीटर. कडेचा मातीचा बांध आडवा आला म्हणून आज पत्र लिहायला आहे.

हे अचानक झालेलं नाही. आठवडाभर मी लॉगबुकात लिहीत होतो की पेडलला पाय लावला रे लावला की ॲक्युम्युलेटर भरणारा चार्जिंग व्हॉल्व्ह पंपाकडून तेल घ्यायला लागतो, म्हणजे साठा टिकत नाही, नायट्रोजन गेलाय. तेलही काळं पडलं होतं. स्पूलभोवतीची फट काही मायक्रॉनची असते, माणसाचा केस सत्तरेक मायक्रॉन जाड. डोळ्याला न दिसणारा कचरा तिथे पुरतो. उत्तर एकच, ‘शिफ्ट संपू दे’. दाब मोजायला गेज लावायचं तर फेऱ्या बुडतात ना!

मंत्रिमहोदय, आपण सभागृहात म्हणाला होतात, प्रत्येक शिफ्टआधी ब्रेकची चाचणी सक्तीची करू. परिपत्रक कुठे आहे? चाकांच्या अवजड यंत्रांच्या ब्रेकसाठी आयएसओ ३४५० हे मानक आहे, नवी गाडी त्यात उतरते. हजारो तास राबलेली गाडी इंजिन बंद करून, साठ्यावर किती वेळा ब्रेक लागतो हे कोण बघतं? तुमचे निरीक्षक कागदावरच्या सह्या बघतात. टनांचा हिशेब तासातासाला होतो, नायट्रोजनचा महिनोन्‌महिने नाही, आणि माणूस चिरडला की दोष पेडलवर पाय असलेल्याचा. रात्री झोपेतही माझा पाय तळाला जातो, दचकून उठतो. घरातल्यांनाही झोप नाही.

नुकसानभरपाईचं नंतर बोलू. ते दोन्ही व्हॉल्व्ह आणि ॲक्युम्युलेटर अजून शेडच्या कोपऱ्यात पडलेत. भंगाराची गाडी येण्याआधी एक माणूस पाठवा आणि माझ्यासमोर ते उघडायला लावा.

आपला,
एक डंपरचालक