मजले वाढवा, पण खालची माती सोडा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उंच इमारतींना आणखी सवलती द्याव्यात, अशा मागण्या अधूनमधून आपल्या दैनिकात वाचायला मिळतात. त्यांत रस्त्याची रुंदी, अग्निशमन, पार्किंग, विमानतळाचा ना हरकत दाखला हे सगळे असते. ऊन आणि पाणी मात्र नसते. मे महिन्यात ४५ अंशांच्या पुढे जाणाऱ्या नागपुरात हे नवलच म्हणायचे.

उंचीला माझा सरसकट विरोध नाही. बेसा, बेलतरोडी, हिंगण्याकडे शेतांवर लेआउट पडत गेले, त्यापेक्षा मेट्रोच्या काठाने चार मजले जास्त चढलेले बरे. मेट्रोच्या दोन्ही बाजूंना ५०० मीटरच्या पट्ट्यात ४ पर्यंत एफएसआय (प्लॉटच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधकाम करता येते, ते प्रमाण) देण्यामागे हाच विचार होता. पण आपले शहर आडवेही पसरते आहे आणि उभेही. तेव्हा शेती वाचते, हा युक्तिवाद निदान आपल्याकडे तरी जपून करावा.

माझी तक्रार तळघराबद्दल आहे. धरमपेठ, लक्ष्मीनगर, बजाजनगरच्या जुन्या प्लॉटवर बैठे किंवा एकमजली घर, मागे विहीर आणि कुंपणाशी कडुनिंब, आंबा असे. तिथे फ्लॅट स्कीम आली की गाड्यांसाठी आधी तळघर खणतात, आणि पुष्कळदा ते इमारतीच्या भिंतीशी थांबत नाही, सामासिक अंतराच्या (इमारत आणि कुंपण यांत मोकळ्या सोडायच्या जागेच्या) खालून थेट कुंपणाकडे सरकते. वर पेव्हर ब्लॉक बसतात. नकाशात ती जागा मोकळी दिसते, पावसाच्या पाण्याला मात्र ती गच्चीसारखीच. पावसाचे पाणी जमिनीत मुरवायचा पुनर्भरणाचा खड्डा असतो, पण तो मंजुरीनंतर कुणी उघडून पाहतो का? राज्याच्या २०२० च्या एकीकृत बांधकाम नियमावलीत १० टक्के मोकळ्या जागेची अट आहे ती ०.४ हेक्टर किंवा त्याहून मोठ्या जमिनीला. जुन्या वस्तीतले प्लॉट त्याच्या आसपासही नसतात.

झाडांचेही तेच. राज्याच्या वृक्ष संरक्षण कायद्यातल्या २०२१ च्या दुरुस्तीनुसार तोडलेल्या झाडाचे वय जितके, तितकी नवी झाडे लावायची. चाळीस वर्षांच्या कडुनिंबामागे चाळीस रोपे, ऐकायला छान. पण स्लॅबवरच्या दोन फूट मातीत कडुनिंब धरत नाही, तिथे शोभेचे पाम लागतात. उरलेली रोपे लांब कुठेतरी जातात, आणि गल्लीतली सावली गेली ती गेलीच.

२३ सप्टेंबर २०२३ ची पहाट आठवा. काही तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस पडला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या घरांत पाणी शिरले. त्याचा दोष एकट्या उंच इमारतींचा नाही. नदीपात्रात आणि तलावाच्या तोंडाशी काय काय बांधले गेले, ते सर्वांना ठाऊक आहे. तरीही पश्चिम नागपुरातला प्रत्येक सिमेंटलेला प्लॉट आपले पाणी त्याच नाल्यांत सोडतो, आणि एका घराच्या जागी वीस घरे आली तरी समोरची गडर लाइन (सांडपाण्याची वाहिनी) पूर्वीचीच राहते.

आता उन्हाबद्दल. दुपारी उंच इमारतीची सावली रस्त्यावर पडते, हा फायदा कबूल. रात्री मात्र उलटे होते. भिंती दिवसभर प्यायलेली उष्णता आकाशाकडे सोडतात. समोर तशीच उंच भिंत असली की ती आकाशाला न पोचता भिंतीभिंतींतच फिरते, आणि वाराही अडतो. नवतपात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, गच्चीवर झोपणाऱ्या पिढीला रात्र गार होणे म्हणजे काय, हे सांगायला नको.

त्यात आपला कूलर. कोरड्या हवेत तो पंख्याच्या आणि लहानशा पंपाच्या विजेवर घर गार करतो, पण त्याला बाहेरची हवा आत यायला खिडकी लागते आणि ओली हवा निघून जायला दुसरी. डक्टकडे (इमारतीच्या आतल्या अरुंद उभ्या पोकळीकडे) तोंड केलेल्या फ्लॅटमध्ये हे जमत नाही, शिवाय इमारतीचे रूप बिघडते म्हणून बाल्कनीत कूलर ठेवायला काही सोसायट्या मनाई करतात (दहा एसींची युनिटे मात्र चालतात!). मग घरोघरी एसी. ते खोलीतली उष्णता त्याच डक्टमध्ये ओततात, आणि त्यांची वीज कोराडी-खापरखेड्यासारख्या केंद्रांत कोळसा जाळून येते. नागपूरला स्वस्तात गार ठेवणारे एकमेव यंत्र आपण नकाशातच बाद करतो आहोत.

म्हणून जादा मजल्यांना मंजुरी देताना महापालिकेने आणि नागपूर सुधार प्रन्यासने (नासुप्र) प्लॉटचा ठरावीक भाग तळघराविना, खोल मातीसह सोडण्याची अट घालावी, मग प्लॉट कितीही लहान असो. प्रत्येक फ्लॅटला समोरासमोर हवा खेळेल आणि कूलर बसेल अशी जागा नकाशातच दाखवायला लावावी. जादा एफएसआयपोटी जो प्रीमियम घेतला जातो, त्यातला महापालिकेचा वाटा त्याच वस्तीतल्या गडर लाइनवर आणि झाडांवर खर्च करून दरवर्षी वॉर्डनिहाय हिशेब जाहीर करावा. उष्णतेचा कृती आराखडा महापालिकेकडे काही वर्षांपासून आहे. नगररचना विभागाने नकाशे तपासताना तो शेजारी ठेवायला काय हरकत आहे?

आपला,
एक नियमित वाचक, बजाजनगर, नागपूर