डॉक्टर मॅडम, धाकटीची मान वर झाली

आदरणीय डॉक्टर मॅडम,
सप्रेम नमस्कार.

धाकटीला तुमच्याकडे आणलं तेव्हा तिची हनुवटी छातीकडे ओढलेली होती. गॅसवर ओढणी पेटली, त्याला दीड वर्ष झालं होतं. जखमा भरल्या म्हणून आम्ही निर्धास्त होतो, पण भरता भरता कातडी आकसली. भांड्यातला शेवटचा घोट प्यायला तिला कमरेतून मागे वाकावं लागे.

प्लास्टिक सर्जरी म्हणजे नट्यांची नाकं, नाहीतर आत प्लास्टिक बसवतात, एवढंच आमच्या घरात ठाऊक. तुम्ही सांगितलंत की शब्द मूळचा ग्रीक, अर्थ घडवणं. विद्या सुश्रुतांच्या काळापासूनची. टिपूच्या कैदेत नाक कापलेल्या कावसजी नावाच्या बैल हाकणाऱ्याला पुण्याजवळ कपाळाची कातडी वळवून नवं नाक केलं, ते १७९४ साली लंडनच्या मासिकात छापून आलं होतं. "म्हणजे आपल्याकडचंच की," आई म्हणाली आणि त्या दिवशी पहिल्यांदा नीट जेवली.

मांडीवरची पातळ कातडी मानेवर लावलीत. पहिले एक-दोन दिवस ती खालून पाझरणाऱ्या द्रवावरच तगते, मग रक्तवाहिन्या जुळतात, हे तुम्ही समजावलंत म्हणून आम्ही पाच दिवस तिला मान हलवू दिली नाही. पट्टी सुटली, खाली गुलाबी रंग दिसला. तुम्ही हळूच म्हणालात, "धरली."

विमा कंपनीने 'कॉस्मेटिक' म्हणून क्लेम नाकारला होता. भाजल्यानंतरची पुनर्रचना त्यात येत नाही, हे पत्र तुम्ही स्वतः बसून लिहिलंत. पैसे मिळाले.

पण मला खरे आभार मानायचेत ते वेगळ्याच गोष्टीचे. धाकटीने खाली बघत विचारलं, "गालावरचा व्रण कमी होईल का? त्याने काही अडत नाही, पण..." मी तिला दटावलं. मान सुटली, आता आणखी काय हवं? तुम्ही मलाच थांबवलंत. "अडतं की. हाच चेहरा घेऊन तिला रोज बाहेर पडायचंय." मग तिला खरं तेही सांगितलंत: व्रण पुसला जात नाही, फिका करता येतो, त्याची रेघ वळवता येते. आधी तो मऊ होऊ दे. त्या दिवसापासून तिने माझ्यापुढे गाल झाकला नाही. मला तिची लाज घालवता आली नव्हती, उलट मीच ती वाढवत होते.

मानेचा पट्टा ती अजून न चुकता बांधते. काल स्वयंपाकघरात तिने तो सोडला, तांब्या उचलला आणि मान मागे टाकून वरून पाणी प्यायली. आई बघतच राहिली.

तुमची कृतज्ञ,
धाकटीची ताई