दारू पिऊन गाडी: दंडापेक्षा विम्याचा फटका मोठा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पुण्यातील मुंढवा, बाणेर, बालेवाडी भागात मद्यपी चालकांसाठी रात्रीची नाकाबंदी लागली की चर्चा होते ती १० हजारांच्या दंडाची आणि ‘आता गाडीच्या विम्याचा हप्ता वाढणार का’ याची. ब्रिटनमध्ये अशी शिक्षा लायसन्सच्या नोंदीत ११ वर्षे राहते आणि विमा कंपन्या तिच्यावरून हप्ता चढवतात. आपल्याकडे विमा नियामकाच्या कार्यगटाने २०२१ मध्ये वाहतुकीच्या गुन्ह्यांवर हप्ता ठरवण्याचा मसुदा मांडला होता, पण तशी सरसकट पद्धत अजून नाही. त्यामुळे लोक निर्धास्त राहतात आणि फटका बसतो तो क्लेम करताना.

मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ नुसार १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल आढळले की गुन्हा होतो. पावती फाडून हे प्रकरण मिटत नाही, ते कोर्टात जाते आणि लायसन्स निलंबित होऊ शकते. विम्याच्या दृष्टीने खरी मेख इथेच आहे. चालवणाऱ्याकडे वैध लायसन्स हवे आणि तो अपात्र ठरलेला नसावा, ही पॉलिसीची अट असते. निलंबनाच्या काळात थेंबभरही न घेता गाडी चालवली आणि अपघात झाला, तरी स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम कंपनी फेटाळू शकते. मुदत संपली असेल असे मनानेच धरू नये. ‘परिवहन’ पोर्टलवर लायसन्सची स्थिती पाहावी आणि ते पूर्ववत झाल्याचा कागद जपून ठेवावा.

अपघाताच्या वेळीच चालक नशेत असेल, तर कंपनी कोर्टाच्या निकालासाठी थांबत नाही. ‘ओन डॅमेज’च्या, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या विम्यात नशेसाठी भरपाई नाकारणारा जो अपवाद असतो, त्यात मालकाबरोबरच त्याच्या संमतीने गाडी चालवणाराही येतो. म्हणजे प्यायला मित्र, क्लेम गेला तुमचा. झिरो डेप (घसारा न कापता भरपाई देणारे जादा संरक्षण) असले तरी फरक पडत नाही, आणि मालक-चालकाचे १५ लाखांचे अपघात संरक्षणही याच कारणाने नाकारले जाते. श्वासचाचणी झालीच नाही म्हणजे सुटलो, हेही खरे नाही. इफ्को टोकियो ही विमा कंपनी विरुद्ध पर्ल बेव्हरेजेस या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये स्पष्ट केले, की चाचणी नसली तरी इतर पुराव्यांवरून नशा सिद्ध करता येते. एफआयआरमध्ये किंवा डॉक्टरांच्या कागदावर ‘तोंडाला दारूचा वास’ एवढी नोंद असली, तरी कंपनी नेमके तिच्यावर बोट ठेवते.

सर्वांत कमी माहिती आहे ती थर्ड पार्टीबद्दल, म्हणजे अपघातात इतरांना द्यायच्या भरपाईबद्दल. नशेत गाडी चालवणे हा विमा कंपनीचा बचाव म्हणून आता मोटार वाहन कायद्याच्या कलम १५० मध्येच आहे. अशा वेळी मोटार अपघात दावे न्यायाधिकरण बहुधा कंपनीला आधी पीडिताची भरपाई द्यायला लावते आणि ती रक्कम मालकाकडून वसूल करण्याची मुभा कंपनीला देते. पीडिताच्या बाजूने हे योग्यच आहे. पण रक्कम किती होते ते पाहा. महिना ४० हजार कमावणारा, स्वतःचा व्यवसाय असलेला ३० वर्षांचा, तीन जण अवलंबून असलेला माणूस दगावला, तर वर्षाचे ४ लाख ८० हजार, त्यात भविष्यातील वाढीचे ४० टक्के मिळवून ६ लाख ७२ हजार, स्वतःच्या खर्चाचा तिसरा हिस्सा वजा जाता ४ लाख ४८ हजार, गुणिले १७ (वयानुसार ठरणारा गुणक). म्हणजे ७६ लाख १६ हजार, वर व्याज. हे कंपनीने भरून मालकाकडे मागितले, तर राहत्या फ्लॅटवर जप्ती येऊ शकते.

चाचणीत प्रमाण ३० च्या आत आले असेल, तर यंत्राची चिठ्ठी आणि रक्ताच्या अहवालाची प्रत लगेच मागून घ्यावी. क्लेम फेटाळला, तर कुठल्या अटीखाली, हे लेखी घ्यावे. कंपनीकडे लेखी तक्रार करून महिनाभरात उत्तर आले नाही किंवा ते पटले नाही, तर नारायण पेठेत विमा लोकपालांचे कार्यालय आहे. तिथे एक वर्षाच्या आत, ५० लाखांपर्यंतच्या दाव्यासाठी, वकिलाशिवाय आणि विनाशुल्क दाद मागता येते.

पुण्यातल्या शोरूममध्ये गाडीबरोबरच पॉलिसी हातात पडते आणि नशेचा हा अपवाद इंग्रजीतल्या बारीक अक्षरांत राहून जातो. विमा कंपन्यांनी तो मराठीत, पहिल्याच पानावर, ठळक छापावा आणि चावी देताना ग्राहकाला वाचून दाखवावा, ही माझी आग्रहाची मागणी आहे.

– मोटार विमा क्षेत्रातील एक वाचक, कोथरूड, पुणे