कमी नोंदी म्हणजे कमी छळ नव्हे

महोदय,

मराठवाड्यात महिलांविरुद्धचे सायबर गुन्हे पुणे-मुंबईच्या मानाने नगण्य असल्याची बातमी आपल्या अंकात वाचली. तिच्यातला दिलासा मान्य करणे कठीण आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालात पोलिसांत दाखल झालेले गुन्हेच मोजले जातात आणि एका फिर्यादीत अनेक कलमे असतील, तर त्यांतील सर्वांत गंभीर गुन्हाच गणला जातो. त्यामुळे बलात्कारानंतर चित्रफीत पसरवली गेली असली, तरी तक्त्यात बहुधा उरतो तो बलात्कारच. गुन्ह्यांचा दर काढला जातो तोही इंटरनेट वापरणाऱ्या स्त्रियांच्या संख्येवर नव्हे, तर लोकसंख्येवर, आणि २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील जेमतेम ३३ टक्के स्त्रियांनी कधी इंटरनेट वापरले होते. शिवाय तक्रार केली, तर आधी मोबाइल आणि मग कॉलेज बंद होईल, ही धास्ती आपल्याकडच्या किती मुलींना गप्प बसवते, हे कोणत्या तक्त्यात दिसणार?

छत्रपती संभाजीनगर आणि नांदेड येथील विद्यापीठांनी यासाठी निनावी पाहणी हाती घ्यावी. तिच्यात ‘ऑनलाइन अत्याचार झाला का?’ असे मोघम न विचारता बनावट खाते, फोटोतील फेरफार, नको असलेले संदेश, पासवर्ड देण्याची सक्ती अशा एकेका कृतीबद्दल विचारावे, आणि प्रश्नावली घरच्यांच्या देखत मुळीच भरून घेऊ नये.

– एक वाचक, परभणी