कोंडाबाईंचा लोगो

पुणे

प्रिय दत्ता,

सप्रेम नमस्कार.

तू व्हॉट्सॲपवर पाठवलेले तिन्ही लोगो पाहिले. फोनवर सांगायला गेलो तर तू मध्येच तोडशील, म्हणून लिहितोय. एकदा सलग वाच, मग काय शिव्या घालायच्या त्या घाल.

पहिल्यात नऊवारीतली आजी, पाटा-वरवंटा, मिरच्या, मागे डोंगर आणि डोंगरामागे सूर्य. एवढं सगळं मावल्यावर खाली उरलेल्या जागेत 'कोंडाबाई मसाले'. अरे, नऊवारीतल्या आज्या मसाल्याच्या बाजारात डझनाने आहेत. कोंडाबाई कुठे आहे दुसरी? गिऱ्हाईक दुकानदाराकडे काय मागणार, 'तो डोंगरवाला द्या'?

आजीचं पात्र करण्यात गैर काही नाही. एशियन पेंट्सच्या जाहिरातीतला खोडकर पोरगा गट्टू आर. के. लक्ष्मण यांनी १९५४ साली काढला आणि घराघरात पोचला. पण पात्र जन्माला घातलं की त्याला पोसावं लागतं. अमूलची मुलगी १९६६ पासून टिकली, कारण ती चालू घडामोडींवर सतत काहीतरी नवीन बोलत राहिली. तुझ्याकडे मिरची भाजायला माणूस पुरत नाही, आजीला रोज बोलतं कोण ठेवणार?

दुसरा, तो नुसता लाल फराटा, पुतण्याच्या डोक्यातून आलेला दिसतोय. नायकीचं चिन्ह १९७१ मध्ये एका विद्यार्थिनीनं ३५ डॉलरमध्ये काढून दिलं, हे त्यानं तुला ऐकवलं असणारच. पुढची गोष्ट ऐकवली नसेल: ते चिन्ह एकटं उभं राहण्याआधी कितीतरी वर्षं नावाचा हात धरून चाललं. स्टारबक्सनं तर लोगोतलं नाव २०११ साली काढलं, पहिलं दुकान उघडल्यावर ४० वर्षांनी. तुझं नाव अजून संगमनेरातसुद्धा कुणी ऐकलेलं नाही, आणि तू ते आत्ताच काढायला निघालास!

तिसरा 'के. एम.', तोही इंग्रजीत. आद्याक्षरं आयबीएमला शोभतात, कारण 'इंटरनॅशनल बिझनेस मशीन्स' रोज कोण म्हणणार? 'कोंडाबाई' चार अक्षरांत संपतं.

तेव्हा माझं मत सरळ आहे. नाव हाच लोगो, देवनागरीत, नीट काढलेला. चित्र नको. कमल शेडगे आठवतात ना? पेपरातल्या नाटकांच्या जाहिरातींत त्यांनी काढलेलं नुसतं नाव बघून नाटक विनोदी की गंभीर ते कळायचं. फॉन्ट उतरवून नाव टाइप करणं वेगळं आणि अक्षर काढणं वेगळं.

तुझ्या नावात कारागिरीला जागा भरपूर आहे. 'कों'वर मात्रा आणि अनुस्वार शेजारी येतात; लहान आकारात दोघांचा एकच ठिपका होतो, म्हणून अनुस्वार जरा लांब आणि ठसठशीत हवा. खरी डोकेदुखी 'ब'ची. त्याच्या पोटातली तिरकी रेघ बारीक ठेवली तर खोक्यावरच्या रबरी शिक्क्यात ती उमटत नाही, जाड ठेवली तर कागदी पिशवीवर शाई पसरून पोटच भरून जातं. कसंही केलं तरी तू 'कोंडावाई' व्हायचास. त्यामुळे 'ब'चं पोट मुद्दाम मोठं काढायचं. आणि सगळं आधी एकाच रंगात, काळ्यात. काळ्यात उभं राहिलं नाही तर लाल-पिवळ्या छटा त्याला वाचवत नाहीत. व्हॉट्सॲपच्या गोल डीपीत पूर्ण नाव कोंबू नकोस, तिथे एकटा 'कों' पुरे.

पुतण्या इंग्रजीचा हट्ट धरेल. त्याला सांग, महाराष्ट्राच्या दुकानांच्या कायद्यातल्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर दुकानाच्या पाटीवर मराठी देवनागरीत लागतंच, आणि ते अक्षर दुसऱ्या भाषेतल्या अक्षराहून लहान चालत नाही. मग मूळ लोगोच देवनागरी असलेला बरा. इंग्रजी खाली बारीक येऊ दे.

ट्रेडमार्कचा अर्ज मात्र छपाईच्या आधी टाक. वैयक्तिक नावावर ऑनलाइन भरलास तर मालाच्या एका वर्गाला ४,५०० रुपये. मसाले ३० व्या वर्गात, लोणचं २९ व्या, म्हणजे दोन्ही हवे असतील तर दुप्पट. चित्रासकट न टाकता नुसत्या नावाचा टाक, म्हणजे पुढे अक्षराचं वळण बदललंस तरी अडणार नाही. आणि तू आधी ठरवलेलं 'गावरान चव' सोडलंस ते उत्तम केलंस. असल्या मालाचं वर्णन करणाऱ्या शब्दांना नोंदणी मिळणं कठीण. गोलातला 'आर' मात्र नोंदणी हातात येईपर्यंत छापू नकोस, तो गुन्हा आहे.

शंभर ग्रॅमच्या पाऊचचं माप आणि पाऊच कागदी की प्लास्टिकचं, एवढं कळव. पेन्सिलनं दोन-तीन वळणं काढून पाठवतो. निवड वहिनींना करू दे, तुला नको. पुतण्याला राग आला तर खुशाल इकडे पाठव, काम शिकवीन.

तुझा,
मोहन