सुध्या, दादाला तू एक फोन कर

प्रिय सुध्या,

आठ महिने पत्र नाही, तुझे दोन फोन येऊनही उलट केला नाही. रागावला असशील तर रास्तच आहे. माझी तब्येत बरी, गुडघा आहे तसाच.

दादाचं लिहायचंय. ६१व्या वर्षी अचानक मधुमेह निघाला, वजन उतरलं, जेवल्यावर पाठीत कळ येते. सोनोग्राफीच्या कागदावर शेवटी ‘नॉर्मल’. मीच म्हटलं, झालं, आता निवांत झोप. महिन्याने तो कागद पुन्हा हाती आला तेव्हा मधली ओळ वाचली: वायूमुळे स्वादुपिंड नीट दिसले नाही. जठराच्या मागे दडलेला अवयव तो, मधे आतड्यातली हवा. ध्वनिलहरी पोचणार कशा? महिनाभर ती ओळ माझ्या घरात पडून होती रे.

मग स्वादुपिंडात गाठ आहे का ते बघायला खास सीटी स्कॅन. कॉन्ट्रास्ट, म्हणजे शिरेतून देतात ते औषध, दिल्यावर ४०-४५ सेकंदांनी एकदा फोटो, थोड्या वेळाने पुन्हा. गाठ कॉन्ट्रास्ट कमी घेते म्हणून काळपट दिसते. रक्तवाहिन्यांना चिकटलीय का, शस्त्रक्रिया होईल का, तेही त्यातच कळतं. दादाच्या सीटीत गाठ दिसली नाही. पण स्वादुपिंडाची नळी फुगलीय आणि एका जागी एकदम थांबते. एमआरआयमध्ये नळ्या जास्त स्पष्ट दिसतात, तिथेही तेच. काही गाठी ग्रंथीच्याच रंगात मिसळून जातात, तेव्हा नळीच चुगली करते, असं रेडिओलॉजिस्ट बाई म्हणाल्या.

विन्या म्हणतो पेट स्कॅन करा, तो किरणोत्सारी साखर टोचून करतात तो. पण त्यात साधी सूजही उजळते आणि बारीक गाठ निसटू शकते. आता हवी ती एंडोस्कोपिक सोनोग्राफी: दुर्बिणीच्या टोकाचा सोनोग्राफीचा प्रोब जठरातून थेट स्वादुपिंडाला भिडतो, २ सेंटिमीटरच्या आतली गाठही दिसते, लगेच सुईने तुकडा घेता येतो. दादा म्हणतो, दोन मशिनांत काही नाही, आता नळी गिळणार नाही.

अप्पांच्या वेळी तू असाच ‘आणखी एक तपासणी करा’ म्हणून अडून बसला होतास. मी जिन्यात तुझ्यावर ओरडलो, मग दोन वर्षं अबोला. आज त्याच पायरीवर मी उभा आहे आणि दादा माझ्यावर ओरडतोय. तू बरोबर होतास. हे तेव्हाच म्हणायला हवं होतं.

पल्लवीचा निकाल लागला ना? तिला शाबासकी सांग. नव्या घराचंही कळलं, छान झालं.

त्या दुर्बिणीच्या तपासणीला गुरुवारची वेळ घेतलीय. दादाची सायकल तू विहिरीत घातलीस तरी तो तुझंच ऐकतो. बुधवारी रात्री जेवणानंतर फोन कर, तेव्हा त्याला कळ येत असते, नाही म्हणणार नाही.

तुझा,
बाळ्या